सर्व्हर दोन, स्टोरेज एकच

महोदय,

परवा आमच्या पतसंस्थेच्या सभेत ‘आपल्याकडे दोन सर्व्हर आहेत’ असे अभिमानाने सांगण्यात आले. डेटाबेस सांभाळण्यात उमेदीची वर्षे गेल्याने मी विचारले, डेटा किती ठिकाणी? कळले, एकाच स्टोरेजवर, म्हणजे डिस्कच्या एकाच संचावर!

२०११ मध्ये एका कारखान्यात मी हा घोळ निस्तरला आहे. मुख्य सर्व्हर बंद पडला असे वाटले. प्रत्यक्षात फक्त नेटवर्कची वायर निघाली होती, सर्व्हर चालूच होता. घाईत दुसऱ्या सर्व्हरवरून त्याच फायलींवर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर सुरू केले. पोस्टग्रेस स्वतःच्या मशीनवर आपली दुसरी प्रत चालू आहे का ते पाहते. शेजारच्या मशीनवर चालू असलेली प्रत त्याला दिसत नाही. दोन्ही प्रतींनी आपापल्या मेमरीतली डेटाची पाने एकमेकांवर लिहिली आणि डेटा बिघडला. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. दिवसभराची चलने कागदावरून पुन्हा भरली. (चहा मात्र कारखान्याचा.)

ओरॅकल कंपनीच्या आरएसीसारख्या डेटाबेस प्रणालीत एकाच डेटावर काम करणारे सर्व्हर आपसांत ताळमेळ ठेवतात. पण ती महाग, आणि स्टोरेजच बिघडले तर तिथेही सगळे ठप्प.

दुसरा सर्व्हर सुरू करण्याआधी पहिल्याचा वीजपुरवठा आपोआप तोडण्याची सोय आहे का, आणि डेटाची प्रत वेगळ्या इमारतीत आहे का, हे संचालकांनी लेखी कळवावे.

— एक सभासद, सांगली