घाटात पडले ते तुम्हाला सांगितलं नव्हतं

सातारा,
श्रावणातला रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "ती सायकल आधी विकून टाक," आणि फोन दादाच्या हातात दिला. मला पुढे काही बोलता आलं नाही. बोलले असते तर आवाज चढला असता, आणि तुमच्याशी चढ्या आवाजात बोलून मला दिवसभर करमलं नसतं. म्हणून पत्र लिहायला बसले. बाहेर झिमझिम चालू आहे, अजिंक्यतारा अर्धा ढगात आहे. तुमची नात अजून उठलेली नाही आणि तुमचे जावई चहा ठेवून दूध आणायला गेलेत. आज सगळं सविस्तर लिहिते.

आधी चूक कबूल करते. जूनमध्ये मी यवतेश्वरच्या घाटात सायकलवरून पडले, हनुवटीला तीन टाके पडले आणि हे मी तुम्हाला सव्वा महिना सांगितलं नाही. आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "हनुवटीला काय लावलंयस?" मी पुटकुळी आलीय म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यात आणखी घोर नको, अशी मी माझी समजूत घालत होते. पण शेवटी दादाच्या तोंडून तुम्हाला कळलं. माझ्याकडून कळायला हवं होतं. पुन्हा असं लपवणार नाही.

आता नेमकं काय झालं ते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस आदल्या रात्री पडून गेला होता. आमच्या सायकल क्लबातले आम्ही नऊजण पहाटे बोगद्यापाशी जमलो आणि घाट चढून वर गेलो. चढताना काहीच त्रास झाला नाही. उन्हाळाभर रस्त्यावर गाड्यांचं तेल आणि धूळ साचलेली असते. पहिल्या पावसात ती वर तरंगते आणि डांबर साबण लावल्यासारखं होतं. चार पाऊस होऊन रस्ता धुतला गेला की मग पकड येते. हे मला ऐकून माहीत होतं, पण उतरताना ध्यानात राहिलं नाही. एका वळणावर कडेने बारीक कच वाहून आली होती. मी वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक निसटलं आणि मी डाव्या अंगावर पडले. समोरून गाडी नव्हती, मागूनही नव्हती. चूक माझी एकटीची होती. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा असतो, दोन्ही मिळून, दाबत-सोडत. वळणात सायकल सुटी ठेवायची असते.

पडल्यावर पुढचं सगळं इतरांनीच केलं. पोस्टातल्या काकांनी स्वतःचा पंचा माझ्या हनुवटीवर दाबून धरला. एकीने हात-पाय हलवायला लावले, नाव विचारलं, वार विचारला. मेडिकलवाल्या वहिनी वरच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या, मागून येणाऱ्यांना हळू करायला. दहा मिनिटांत एक दुधाची गाडी थांबली, तिच्यातून मला खाली आणलं. टाके घालून मी घरी पोचेपर्यंत सायकलही घरी आलेली होती, चिखल पुसून, वाकडं झालेलं हँडल सरळ करून. हेल्मेटला डाव्या बाजूला बोटभर चीर गेली आहे. एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं म्हणून नवीन घेतलं, पण जुनं टाकलेलं नाही. बाबा, तुम्ही आलात की ती चीर तुम्हाला दाखवणार आहे. ती डोक्याला गेली नाही ती हेल्मेटमुळेच.

त्यानंतर क्लबात दोन नियम झाले. मृगाच्या पहिल्या दोन आठवड्यांत घाट बंद, तेव्हा फक्त सपाटीच्या रस्त्याने जायचं. आणि उतारावर दोघांमध्ये पन्नास पावलांचं अंतर, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. हेल्मेट नसेल तर माणूस कितीही जवळचा असो, त्याला बोगद्यापासून परत पाठवतात. गेल्या महिन्यात तुमच्या जावयांनाच परत पाठवलं!

तुम्हाला वाटतं आम्ही नुसते वेग मारत हिंडतो. तसं नाही, बाबा. दोन वर्षांपूर्वी सहाजण होतो, आता चाळीसच्या आसपास आहोत. त्यात पोस्टातले काका आहेत, दोन शिक्षिका आहेत, एक डॉक्टरीणबाई आहेत, गॅरेजवाला एक मुलगा आहे आणि बारावीतल्या तीन पोरी आहेत. मंगळवार-गुरुवार संगम माहुलीपर्यंत जाऊन परत येतो. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पाच मिनिटं बसतो आणि आठच्या आत ज्याचा तो कामाला. तुम्ही माहुलीच्या पुढच्या शाळेत जायचात तोच हा रस्ता. तो आता खूप रुंद झालाय, गाड्याही फार वाढल्यात. पण सकाळी सहाला पुलावर गेलं की नदीचा तोच गार वारा तोंडावर येतो. रोज त्या पुलावर तुमची आठवण येते, हे मी तुम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी लांब जातो. गेल्या महिन्यात लिंबची बारामोटेची विहीर झाली. बारावीतल्या त्या पोरींपैकी दोघींनी ती पाहिलीच नव्हती, जन्म साताऱ्यात जाऊन! मग पायऱ्यांवर बसून डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं, की १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाईसाहेब भोसल्यांनी ती बांधून घेतली आणि एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. पोरी आतल्या दालनातून खाली पाण्याकडे बघत बराच वेळ गप्प उभ्या होत्या. येताना हायवेच्या कडेने एकामागे एक आलो, मागच्याच्या पाठीला लाल दिवा. फुलं आली की कासला जायचंय. शहरापासून २५ किलोमीटर आणि जवळजवळ सगळा चढ. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेल्यापासून हंगामात तिकडे गाड्यांची रांग लागते. म्हणून आम्ही शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जाणार आहोत.

पोस्टातल्या काकांची गोष्ट तर सांगायलाच हवी. या वर्षी ते पहिल्यांदा ब्रेव्हेत उतरले. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी. काकांची होती २०० किलोमीटरची, साडेतेरा तासांच्या आत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे, त्या ठिकाणांखेरीज बाहेरची मदत घ्यायची नाही, पंक्चर झालं तर स्वतः काढायचं. पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. पुढे ३००, ४००, ६०० किलोमीटरच्याही असतात. जगभर हे सगळं फ्रान्सच्या एका जुन्या क्लबाच्या नियमांनी चालतं. काकांना परतीच्या वाटेवर दोनदा पंक्चर झालं, समोरून वाराही होता. ते शेवटच्या ठिकाणी पोचले तेव्हा १३ तास ४० मिनिटं झाली होती. दहा मिनिटांनी गेलं. २०० किलोमीटर पुरे करूनही नोंद झाली नाही. आम्ही सगळे हार-पेढे घेऊन उभे होतो, काय बोलावं कुणाला सुचेना. काकांनी सायकल स्टँडला लावली, कार्ड घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पेढे तरी द्या, भूक लागलीय." हिवाळ्यात ते पुन्हा उतरणार आहेत. वय ५६. त्यांच्याबरोबर मीही जावं असं मनात आहे. पण ते तुमच्या होकाराशिवाय नाही, हा शब्द देते.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहिलं, ते. आई, हे तुझ्यासाठी.

मेपासून आम्ही जिल्हा परिषदेच्या मैदानावर रविवारी सकाळी बायकांना सायकल शिकवतो. फी वगैरे नाही. चार जुन्या लेडीज सायकली मिळवून दुरुस्त केल्यात. पहिल्या रविवारी तिघी आल्या आणि त्याही नातवंडांना आणलंय असं म्हणत कडेला बसून राहिल्या. आता पंधरा-सोळा येतात. पन्नाशीच्या पुढच्याच जास्त. सगळ्यांची एकच कथा: भाऊ शिकला, मी नाही. घरात सायकल एकच होती. पडलीस तर कोण बघणार. लग्नानंतर कोण शिकतंय.

आपण लहानपणी शिकलो तसं आता शिकवत नाहीत. मागून कॅरिअर धरून कुणी पळत नाही. आधी दोन्ही पॅडल काढून टाकतात. सीट इतकी खाली करतात की दोन्ही पाय जमिनीवर पुरे टेकतात. मग नुसतं पायांनी ढकलत चालायचं, लहान पोरं ढकलगाडीवर बसून करतात तसं. पाऊल लांब पडायला लागतं, मग पाय उचलून दोन हात जाता येतं, मग चार हात. तोल सांभाळायला आधी पाय शिकतात, मग पाठ. मैदानाला जरासा उतार आहे, त्याचा फायदा होतो. दहा-बारा हात पाय न टेकता जायला लागली की मग पॅडल बसवतात. पॅडल मारायचं कुणाला शिकवावं लागत नाही. तोल जातो ही भीतीच मोठी असते आणि या पद्धतीत पडायला जागाच नसते, कारण पाय खालीच असतात.

मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी येतात, साठीच्या. नऊवारी नेसून येतात. आमच्यातल्या एकीने त्यांना ड्रेस घालून या म्हणून सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "काष्ट्याला काय झालं? चाकात पदर तुमचाच अडकंल." आणि खरंच, काष्ट्याच्या नऊवारीत दोन्ही पाय मोकळे असतात. पाचवारीवाल्यांनाच आम्ही सलवार घालायला सांगतो. पाचव्या रविवारी त्या मावशींनी मैदानाची अख्खी फेरी मारली. मी कडेला उभी होते. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, हँडलवरचे हात शिरा दिसतील इतके आवळलेले. थांबता येत नव्हतं म्हणून त्यांनी आणखी एक फेरी मारली. उतरल्यावर कपाळाचा घाम पुसत त्यांनी पहिलं विचारलं, "ही कितीला मिळंल?"

आई, तेव्हा मला तू दिसलीस. लग्नानंतर इतकी वर्षं तू बाबांच्या कॅरिअरवर बसून राजवाड्याला गेलीस, दवाखान्यात गेलीस, आम्हाला पोटाशी धरून माहेरी गेलीस. उतरताना नेहमी उजव्या हाताने साडीच्या निऱ्या धरायचीस. एकदा मी विचारलं होतं, तुला येते का गं चालवायला? तू म्हणालीस, "मला कोण देणार होतं?" आणि भांडी घासायला लागलीस. मी तेव्हा नववीत होते. तुझं ते वाक्य मी विसरलेले नाही.

तू ६४ वर्षांची आहेस, तुला बीपीची गोळी आहे, हे सगळं मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना मी विचारलंय. त्या म्हणाल्या, आधी तपासू, गुडघे-कंबर बघू, मग ठरवू. त्या नाही म्हणाल्या तर नाही. पण त्या हो म्हणाल्या तर तू नाही म्हणू नकोस. रस्त्यावर जायचंच नाहीये. मैदानाच्या फेऱ्या मारायच्या, सकाळी साडेसहा ते साडेसात, माणसं यायच्या आत. कुणी बघत नाही, आणि बघितलं तर बघू दे.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही बायका-बायका नायगावला सायकलने जाणार आहोत. खंबाटकीच्या बोगद्याचं काय करायचं यावर दोन बैठका झाल्या, अजून एक व्हायचीय. भाजीवाल्या मावशींना यायचं होतं, पण एवढं अंतर इतक्यात नको असं सगळ्यांनी समजावलं. त्या टेम्पोतून येणार आणि शेवटचा थोडा रस्ता चालवणार. आई, टेम्पोत त्यांच्याशेजारी जागा आहे.

बाबा, आता तुमचं. तुमची काळी सायकल माळ्यावरून खाली काढली. न विचारता काढली, त्याबद्दल रागावू नका. चेन गंजून दोरीसारखी ताठ झाली होती, टायर हात लावताच सुटून आले. गॅरेजवाल्या मुलाने दोन संध्याकाळी खपून तिचं ओव्हरहॉलिंग केलं. छर्रे बदलले, दोन्ही रिमचा आऊट काढला, नवीन टायर-ट्यूब बसवले. फ्रेमला काही झालेलं नाही, असलं लोखंड आता येत नाही म्हणाला. सीटमागच्या चामड्याच्या थैलीत तुमचा भोकाभोकांचा पाना सापडला, पंक्चरच्या वाळलेल्या सोल्युशनच्या ट्यूबसकट. घंटी मी स्वतः चिंच लावून घासली, आता लख्ख वाजते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायचीय. तुमची सीट किती खाली होती! पाय जमिनीला टेकावा म्हणून तुम्ही ती कायम खालीच ठेवलीत. सीट खाली असली की प्रत्येक पॅडलला गुडघा जास्त दुमडतो आणि सगळा ताण त्याच्यावर येतो. पॅडल अगदी खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ हवा, गुडघ्यात किंचित बाक. आम्ही नवीन माणसाला पहिलं हेच शिकवतो. तुमच्या गुडघ्यांना तेव्हा कुणी हे सांगितलं नाही याची मला हळहळ वाटते.

मैदानावर आम्हाला कमी आहे ती सायकल जाणणाऱ्या माणसाची. आम्ही सगळे शिकवण्यात गुंततो आणि सीट वर-खाली करायला, पॅडल काढायला-बसवायला, हवा बघायला कुणी मोकळं नसतं. पॅडल बसवताना डाव्या बाजूची आटी उलटी असते हे त्या पोरींना दर वेळी सांगावं लागतं. खुर्ची मी घरून नेईन. तुम्ही बसून करायचं, वाकायचं नाही.

पाऊस उघडला की या. गौरी-गणपती दादाकडे करा, त्याच्या घरी या वर्षी पहिल्यांदा बसतायत, मोडता घालू नका. पण नवरात्रात इकडे या. खंडेनवमीला तुम्ही सायकल धुऊन तिला झेंडूची माळ घालायचात, ते आपल्या घरात किती वर्षांत झालं नाही. तोवर तुमची सायकल मी पडवीत ठेवलीय, रोज पुसते, चालवत नाही. तिच्यावर आधी तुमचा हात लागू दे.

माझी जखम भरलीय. मनगट पावसात थोडं ठणकतं, शेकते. बीपीची गोळी आणि बाबांचा व्यायाम चुकवू नका. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. बाबा, उत्तर लिहायचा कंटाळा आला तर फोन करा, पण या वेळी फोन दादाकडे देऊ नका. आई, तुझ्या मापाची सलवार-कमीज शिवायला टाकू का, एवढं कळव.

तुमची,
धाकटी