ग्लायफोसेटवर कागदी बंधन, दुकानात पॅराक्वाट मोकळं

संपादक साहेब,
नमस्कार.

तणनाशकांवर सरसकट बंदी घाला अशी पत्रं मध्यंतरी तुमच्या पेपरात वाचली, लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे वावरात काय चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही म्हणून हे लांबलचक पत्र लिहितोय. जागा नसेल तर काटछाट करा, फक्त पॅराक्वाट या तणनाशकाबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा.

तणनाशक कुणी हौसेने मारत नाही हो. झड लागली की कित्येक दिवस वावरात पाय टाकता येत नाही, डवरा चालत नाही, आणि उघडीप पडली की अख्ख्या गावाला एकाच दिवशी निंदणाला बाया पाहिजे असतात. त्या मिळत नाहीत, मिळाल्या तर ऑटोचं भाडं धरून मजुरी कुठल्या कुठे जाते, तोवर गवत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वर. शिवाय हराळी आणि लव्हाळा खुरप्याने जातच नाहीत, वरून कापलं तरी खालच्या गाठी जिवंत राहतात. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून शिरून थेट मुळापर्यंत उतरतं, म्हणून लोक त्याच्या मागे आहेत, आजचे नाही, जगात ते १९७४ पासून विकलं जातंय.

आता कायदा बघा. आपल्या देशात याला परवानगी आहे चहाच्या मळ्यात आणि पीक नसलेल्या जागेवर, बस्स. कपाशीत कधीच नव्हती, कारण साध्या कपाशीवर उडालं तर कपाशीही जळते. म्हणून तर ते चोर बीटी आलं, एचटीबीटी कपाशीचं बियाणं, ज्याला ग्लायफोसेट मारलं तरी काही होत नाही आणि ज्याला केंद्राची मंजुरी नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं उघडउघड पेरलं होतं, तेव्हा तुमच्यासकट सगळ्यांनी बातम्या छापल्या. पुढे ऑक्टोबर २०२२ ला केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं. म्हणजे शहरात सोसायटीत झुरळं आणि वाळवी मारायला येतात ते! आमच्या तालुक्यात असा कुणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फवारणी करून देणारा असेल तर पत्ता छापा, हार-नारळ घेऊन जातो त्याच्याकडे.

यातून झालं काय, तर वापर थांबला नाही आणि सांगणारं माणूस गेलं. दुकानदार माल देतो पण पक्कं बिल देत नाही, आणि कृषी सहायकाला विचारावं तर तो तरी काय बोलणार, कागदावर ही फवारणी होतच नाही ना. मग गढूळ पाणी घेतलं तर औषध मातीला चिकटून वाया जातं, वारं सुटल्यावर मारू नये, औषध उडू नये म्हणून नोझलला हूड लावावं, या साध्या गोष्टीही कुणी सांगत नाही. औषधाने काम केलं नाही की लोक बाटलीचं प्रमाण वाढवतात. माझ्या डोळ्यासमोरचं सांगतो, नोझलमध्ये कचरा अडकला की फवारणारा ते काढून तोंडात धरतो आणि फुंकर मारतो, तेच हात पँटला पुसून तंबाखूचा खर्रा काढतो. पाठीवरचा पंप झिरपत असतो, शर्ट कमरेपर्यंत ओला, आणि तो ओला शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावरच.

कॅन्सरचं म्हणाल तर दोन्ही बाजू सांगायला पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ ला ग्लायफोसेटला ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात टाकलं, त्याच गटात लाल मटण आणि रात्रपाळीसुद्धा आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते तसा धोका दिसत नाही, युरोपने २०२३ ला आणखी दहा वर्षं परवानगी दिली, आणि दुसरीकडे अमेरिकेतल्याच कोर्टांत ते विकणाऱ्या बायर कंपनीला कॅन्सरच्या केसेसपायी अब्जावधी डॉलर मोजावे लागले. मला यातून एवढंच कळतं की वाद मिटलेला नाही, मग रोज ज्याच्या अंगावर ते पडतं त्या माणसाला तरी वाचवा.

एक गोष्ट तर कुणी बोलतच नाही. ग्लायफोसेट मारल्यावर गवत लगेच पिवळं पडत नाही, आठवडा जातो. तेवढे दिवस धुरा हिरवागार दिसतो, मग कुणाची बकरी सुटते, कुणी बाई घोळ किंवा तांदुळजा खुडून भाजीला नेते, तिला काय माहीत काल काय मारलंय. निदान एखादं फडकं बांधून ठेवायची तरी पद्धत पडावी.

आणि आता पॅराक्वाट. ग्लायफोसेटला अडचण आली की दुकानदार हेच हातात देतो, ‘उद्याच जळालेलं दिसेल’ म्हणून, आणि दिसतंही. पण हे पोटात गेलं तर त्याच्यावर उतारा नाही. माणूस पहिल्या दिवशी चांगला बोलतो, नातेवाईकांना वाटतं वाचला, आणि मग किडनी आणि फुप्फुसं जातात. यात सरसकट ऑक्सिजन लावला तर फुप्फुसं आणखी बिघडतात, म्हणून डॉक्टरला औषधाचं नाव कळणं फार गरजेचं, बाटली सोबत न्या आणि त्रास होत नसला तरी त्याच मिनिटाला दवाखाना गाठा. स्वित्झर्लंडमध्ये १९८९ पासून हे बंद आहे, युरोपात २००७ पासून, आपल्या केरळनेही २०११ ला बंद केलं. आमच्याकडे मात्र ते पाण्याच्या बाटलीत अर्धा लिटर सुट्टं काढून देणारेही आहेत, घरात लेकरं आहेत का म्हणून विचारत नाहीत.

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, ती मुख्यतः कीटकनाशकं होती हे मान्य, पण पंप तोच होता, माणूसही तोच, सालदार नाहीतर रोजंदारीवाला. त्यानंतर फवारणीचे संरक्षक किट वाटले, चाळीस डिग्रीत ते प्लास्टिकचे कपडे घालून वाटणाऱ्या साहेबांनी एक तास फवारून दाखवावं.

तर माझं म्हणणं, आधी पॅराक्वाट बंद करा. ग्लायफोसेटला एकतर खरोखर अडवा, नाहीतर त्या पेस्ट कंट्रोलच्या अटीऐवजी गावातल्याच दोन-चार पोरांना ट्रेनिंग आणि लायसन्स द्या, तेच फवारतील, त्यांच्याकडे चांगला पंप राहील आणि दुकानदाराला त्यांच्या नावाने पक्कं बिल फाडावं लागेल. रिकाम्या बाटल्या दुकानाने परत घ्याव्या, सध्या त्या नाल्यात असतात नाहीतर कुणाच्या घरी रॉकेल-डिझेल भरायला. खरीप तोंडावर आहे, कृषी खात्यातल्या कुणाला याचं उत्तर द्यायचं असेल तर तेही पेरणीच्या आत छापा.

आपला,
एक कपाशीवाला, यवतमाळ जिल्हा