बाळाच्या झोपेविषयी, ब्रिस्टलहून

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तू शिवलेली झबली-दुपटी जरूर आणावीस, मोहरीची उशी मात्र तिथेच ठेवावीस, अशी विनंती आहे. फोनवर हा विषय अर्धवट राहिला, म्हणून लिहिते आहे.

वरवर ठणठणीत दिसणारे तान्हे बाळ झोपेतच दगावते आणि शवविच्छेदनानंतरही कारण सापडत नाही, असे क्वचित घडते. दोन ते चार महिन्यांच्या बाळांना हा धोका सर्वाधिक असतो. आमच्या याच शहरात डॉ. पीटर फ्लेमिंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पालथ्या निजवलेल्या बाळांना धोका कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले. १९९१ मध्ये ब्रिटनभर बाळांना उताणे निजवण्याची मोहीम झाली आणि काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याआधी पालथे निजवण्याचा सल्ला इथले डॉक्टरच देत असत. आपल्या आज्या या बाबतीत त्यांच्यापेक्षा शहाण्या ठरल्या!

उताण्या बाळाने दूध ओकले तर ते श्वासात जाईल, ही तुझी भीती मलाही होती. परंतु उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस राहते, त्यामुळे ओकलेले दूध तिच्यात सहज उतरत नाही. उशी, गोधडी किंवा मऊ लोड नाकातोंडावर आला, तर इतक्या लहान बाळाला तो दूर सारता येत नाही आणि सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेत राहते. डोके गोल व्हावे म्हणून आपण त्याला जागेपणी, आपल्या देखत, थोडा वेळ पोटावर ठेवू.

बाळ आमच्याच खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात, टणक आणि सपाट गादीवर निजेल. घरात झोपताना टोपरे नको, कारण अंगातील बरीच जादा उष्णता बाळ डोक्यावाटे बाहेर टाकते. खोली १६ ते २० अंश ठेवायला सांगतात, ती तुम्हा दोघांना गारच वाटेल, तेव्हा स्वतःचे स्वेटर आणावेत. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी घेणे तर सर्वांत धोक्याचे, आणि हे मी स्वतःलाही बजावते आहे.

बाबा, लिहिताना संकोच वाटतो, पण तंबाखूच्या धुराने हा धोका वाढतो. सिगारेट सोडण्याविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. बाळाच्या खोलीत ओवा-वावडिंगाची धुरीही आपण टाळू.

मालिश आणि अंघोळ सर्वस्वी आईकडे. त्यात मी लुडबुड करणार नाही.

तुमची लेक