शिवभोजन थाळीचे पैसे कधी देणार? अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

महोदय,

सादर नमस्कार.

आमचा महिला बचत गट एका सरकारी रुग्णालयासमोर शिवभोजन केंद्र चालवतो. थकलेली बिलं या आठवड्यात नक्की निघतील, असं आम्हाला सांगितलं होतं. त्या भरवशावर मी किराणावाल्याला शब्द दिला. काल उत्तर मिळालं, "निधी नाही, वरून आला की बघू." आज सकाळी किराणावाल्याने तूरडाळ उधार द्यायला नकार दिला. त्याचं काय चुकलं?

शहरात एका थाळीचे ५० रुपये धरले आहेत. जेवणारा १० देतो, सरकार ४० देणार. शंभर थाळ्या वाढल्या की गल्ल्यात हजार पडतात आणि चार हजार सरकारकडे अडकतात. महिन्याचे लाखाच्या वर झाले. म्हणजे गरिबाला जेवू घालण्याचं पुण्य तुमचं आणि त्यासाठीचं कर्ज आमचं. माझ्या बांगड्या सोनेतारणात आहेत. गटातल्या एकीने मुलीच्या फीचे पैसे गॅसला दिले. लाडक्या बहिणीचे पंधराशे आले की तेही कणकेत जातात. एका हाताने ओवाळणी घालायची आणि दुसऱ्या हाताने बहिणीच्या कष्टाचे पैसे अडवायचे, ही कुठली भाऊबीज?

बरं, हा ५० चा दर २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली तेव्हाचा. त्या भावात आज तेल, डाळ आणि व्यापारी सिलिंडर मिळवून दाखवा. थाळीतलं वजन मात्र तेच हवं: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. शिवाय प्रत्येक जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर चढवायचा. गैरप्रकार होतात, तपासणी हवीच, आमचं काही म्हणणं नाही. पण भुकेल्या माणसाचा पुरावा त्याच दिवशी लागतो आणि तुमच्या देण्याला तारीखच नाही, हा न्याय कुठला?

कोरोनात थाळी ५ रुपयांना केली, २०२१ मध्ये काही महिने मोफत केली. लोक दाराची कडी काढायला घाबरत होते तेव्हा आमच्या बायका पोळ्या लाटत होत्या. तेव्हा आमचं कौतुक करायला सगळे होते. आता फोनसुद्धा कोणी उचलत नाही.

मोफत धान्य देतो, हे उत्तर कृपा करून देऊ नका. गावाकडून पेशंट घेऊन आलेली बाई वॉर्डाच्या व्हरांड्यात झोपते, ती तांदूळ कशावर शिजवणार? नाक्यावर कामाची वाट बघणाऱ्या मजुराकडे चूल कुठे आहे? आणि रेशन तरी किती जणांना? अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७६ टक्के लोक त्यात बसतात, शहरात जेमतेम ४५ टक्के. शहरी कुटुंबासाठी उत्पन्नाची अट वर्षाला ५९,००० रुपये. महिन्याचे पाच हजारही होत नाहीत! एवढ्यात झोपडपट्टीतल्या खोलीचं भाडं तरी निघतं का? आणि आकडे सगळे २०११ च्या जनगणनेवरचे. तेव्हापासून शहरात आलेली माणसं सरकारच्या लेखी जेवतच नाहीत.

खरं दुखणं वेगळंच आहे. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. सरकार बदललं, केंद्रं गेली. आंध्रात स्वस्त जेवणाची सरकारी अण्णा कॅन्टीन २०१९ मध्ये सत्ता बदलल्यावर बंद पडली, पुन्हा सत्ता बदलल्यावर २०२४ मध्ये उघडली. मधली पाच वर्षं तिथल्या मजुरांनी भूक आवरून धरायची होती का? तमिळनाडूत जयललितांनी २०१३ मध्ये सुरू केलेली अम्मा उणवगम ही तशीच केंद्रं मात्र विरोधी पक्षाचं सरकार आल्यावरही चालू राहिली. तिथे जमतं, मग फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात का जमू नये? कोणाच्या काळात कोणती थाळी आली, याच्याशी जेवणाऱ्याला काहीही देणंघेणं नाही. रस्ते आणि उड्डाणपुलांच्या ठेकेदारांचे पैसे थकले की मंत्रालयात बैठका होतात. आमचे थकले तर निवेदनावर पोच मिळते.

आम्हाला सगळी थकबाकी हवी, पुढची बिलं दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हवीत आणि दर आजच्या भावाप्रमाणे हवा. हे द्यायचं नसेल तर योजना बंद केल्याचा शासन निर्णय काढा आणि त्यावर तुमची सही करा. पैसे अडवून केंद्राला कुलूप आमच्या हातून लावून घेऊ नका.

आपली,
एक शिवभोजन केंद्रचालक