त्यालाही दिवस जातात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भपाताच्या हक्कावर आपल्या दैनिकात चाललेला वाचकांचा पत्रव्यवहार मी रोज वाचते. प्रत्येक पत्र ‘स्त्रीचा हक्क’ इथे येऊन थांबते, म्हणून हे लिहीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मी २७ वर्षे परिचारिका होते.

तृतीयपंथी म्हटले की साडी नेसून टाळी वाजवणारी माणसेच डोळ्यांपुढे येतात. मग त्यांचा गर्भपाताशी काय संबंध, असे लोक सहज विचारतात. मुलगी म्हणून जन्मलेले, पण पुरुष म्हणून जगणारे ट्रान्स पुरुष कुणाच्या ध्यानातच नसतात. गर्भाशय आहे, तर त्यांनाही दिवस जाऊ शकतात. कुणाचे घरच्यांनी बळजबरीने लग्न लावलेले असते, कुणावर अत्याचार झालेला असतो, कुणाचा जोडीदार स्वतःच्या पसंतीचा असतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतल्यावर बहुतेकांची पाळी थांबते, पण ते काही गर्भनिरोधक नव्हे. पाळीच येत नसेल तर ती चुकली हे कळायचे कसे? गर्भपातासाठी कायद्यात दिलेले २० आठवडे असेच निघून जातात.

असा एक मुलगा आमच्या ओपीडीत आला होता. शर्ट-पँट, बारीक कापलेले केस. बाकड्यावर सगळ्या पोटुशा बायका. केसपेपरवरचे मुलीचे नाव मीच मोठ्याने पुकारले. सगळे बाकडे त्याच्याकडे वळले, आणि शेजारच्या वाडीतल्या एका बाईने ‘तू कुणाची गो?’ असे विचारले. कोकणात हा प्रश्न चुकत नाही. तो उठला आणि तपासणी न करताच निघून गेला. पुढे त्याने काय केले असेल, कुठे जाऊन पिशवी साफ करून घेतली असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते. संमतीच्या फॉर्मवरही आमच्या वेळी ‘मुलगी/पत्नी’ एवढेच छापलेले असे. तो थांबला असता, तरी सही कुठल्या शब्दापुढे करणार होता?

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे की, ‘स्त्री’ या शब्दात सुरक्षित गर्भपाताची गरज पडणाऱ्या इतर व्यक्तीही येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात न्यायालयाने ‘गर्भवती व्यक्ती’ असा शब्द वापरला. यामुळे बायकांचा हक्क मागे पडेल अशी भीती काही भगिनींना वाटते. मला तसे वाटत नाही. सज्ञान व्यक्तीला नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही, गर्भपात करून घेणाऱ्याचे नाव फोडणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते, या तरतुदी बायका आणि ट्रान्स पुरुष दोघांच्याही उपयोगाच्या आहेत आणि त्या आमच्या कित्येक कर्मचाऱ्यांनाच ठाऊक नसतात.

ओपीडीत नावाऐवजी नंबर पुकारावा आणि ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ हे केसपेपर काढतानाच हळू आवाजात विचारावे. याला पैसे लागत नाहीत. आपणही या चर्चेत एखाद्या ट्रान्स पुरुषाचे म्हणणे, त्याचे नाव-गाव न देता, जरूर छापावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, दापोली
(नाव राखून ठेवले आहे)