गच्चीवरचा सूर्य

ग्लासगो, 12 एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बॅटरी नाही, मग ऊन गेल्यावर तुझं यंत्र चालणार कसं?" चालणार नाही. मला नेमकं तेच हवंय. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

काडेपेटीएवढं सोलर पॅनल, कपॅसिटर, दोन ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक लुकलुकणारा एलईडी आणि जुन्या सीडी प्लेअरची मोटर, एवढंच सामान. पॅनलची वीज इतकी थोडी की मोटर थेट जोडली तर जागची हलत नाही. म्हणून वीज आधी कपॅसिटरमध्ये साठते. पुरेशी साठली की सर्किट ती एकदम मोटरला सोडतं, मोटर गर्रकन फिरते आणि पुन्हा साठवण सुरू. मोटरला मी पितळी घुंगरू बांधलंय. कडक उन्हात ते भराभर वाजतं. ढग आला की रेंगाळतं. आभाळाकडे पाठ असली तरी ऊन ऐकू येतं! बॅटरी घातली तर ते कायम एकाच चालीने वाजेल, मग उन्हाशी त्याचा संबंध काय उरला?

अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात नॅन्सी होल्ट या कलाकार बाईने काँक्रीटचे चार प्रचंड पोकळ नळ आडवे मांडलेत, 1976 साली पुरे झालेले. वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास उगवता-मावळता सूर्य त्यांच्या रेषेत येतो. तसंच काही मला तिकडे आपल्या गच्चीवर करायचंय, या यंत्रासकट. आपल्याला मात्र नळ उभा हवा, सूर्य थेट डोक्यावर आला की ऊन तळाशी पोचेल असा. ग्लासगोत जूनमध्येसुद्धा सूर्य क्षितिजापासून 58 अंशांच्या वर जात नाही. मुंबईत तो वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, 15 मेच्या आसपास आणि जुलैअखेर. जुलैत पावसाचे ढग असतात, तेव्हा मे धरू या.

शेजारी टॉवर झाल्यापासून गॅलरीत ऊन येत नाही, म्हणून आई हळहळत असते. पण डोक्यावरचा सूर्य कुठलाही टॉवर अडवू शकत नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ चार इंची, सात फुटी पीव्हीसी पाईप उभा करायचा, तळाशी पॅनल, घुंगरू बाहेर. ऊन तळापर्यंत पोचेल ते त्या मोजक्याच दिवसांत, दुपारी साडेबारानंतर दहाएक मिनिटं. तेवढंच ते वाजेल.

बाबा, सर्किट जोडून कुरियरने पाठवतेय. काही उडालंच तर सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतील. पाईप आतून काळ्या मॅट रंगाने रंगवा, नाहीतर तिरकं ऊनही भिंतीवरून परावर्तित होत खाली पोचेल. आणि उभा करताना ओळंबा लावाच. एक-दोन अंश कलला तरी दिवस चुकेल. आई, भुलेश्वरला गेलीस तर थोडी मोठी घुंगरं बघ, पण वजनाला हलकी. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारून ठेवा, आणि मजल्यावरच्या सगळ्या मुलांना त्या दुपारी वर बोलवा.

तुमची,
मनू