लिमाहून आई-बाबांना: पाणी पलीकडे, माणसे अलीकडे

लिमा, १४ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या रविवारी आईने फोनवर विचारले, "तुझा तो पेरू देश आहे तरी कसा, ते एकदा नीट सांग," आणि मी "थंडी आहे, बाकी ठीक" एवढ्यावर विषय बदलला. उत्तर देण्याचा कंटाळा नव्हता. दोन वर्षे इथे काढूनही त्या प्रश्नाला एका वाक्यात काय सांगावे हे मला उमगले नव्हते, म्हणून आज सवडीने लिहीत आहे. बाबांनी पाटबंधारे खात्यात उमेदीची सगळी वर्षे घालवली असल्यामुळे हे पत्र बरेचसे पाण्याविषयीच होणार, हे आईने समजून घ्यावे.

निघताना तू बॅगेत घातलेली छत्री अजून घडीसुद्धा न मोडता पडून आहे. लिमात वर्षभरात जेमतेम एक-दोन सेंटिमीटर पाऊस पडतो. जुलै हा इथला हिवाळा. या दिवसांत आकाश महिनोन् महिने करडे असते, इथले लोक त्या रंगाला "गाढवाच्या पोटाचा रंग" म्हणतात, आणि हवेत इतका दमटपणा असतो की दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. तरीही पाऊस मात्र येत नाही. दक्षिणेकडून किनाऱ्यालगत वाहत येणारा हम्बोल्ट प्रवाह समुद्राचे पाणी थंड ठेवतो, त्यामुळे खालची हवा गार आणि जड राहते, ती वर चढत नाही, धुके बनते आणि धुक्यातच संपते. पूर्वेकडून अटलांटिकची वाफ घेऊन येणारे वारे अँडीजच्या पलीकडच्या उतारावर सगळे ओझे उतरवून मोकळे होतात. बाबा, आपल्या सह्याद्रीच्या हे अगदी उलट आहे: तिकडे समुद्राकडची बाजू भिजते आणि पर्जन्यछायेतला प्रदेश घाटापलीकडे असतो, तर इथे समुद्राकडची बाजूच वाळवंट आहे. आणि या वाळवंटात सुमारे एक कोटी लोकांचे शहर वसलेले आहे.

ज्या थंड पाण्यामुळे किनारा कोरडा राहतो, त्याच पाण्यामुळे समुद्र समृद्ध झाला आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. खालून वर येणाऱ्या गार पाण्याबरोबर पोषक द्रव्ये येतात, त्यांवर आंचोवेता नावाची बोटभर लांबीची मासळी अफाट वाढते, आणि तिची भुकटी करून जगभरच्या मत्स्यशेतीला व पशुखाद्याला पुरवणे हा चिंबोतेसारख्या बंदरांचा मोठा उद्योग आहे. ही मासळी खाणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा पाऊस नसल्यामुळे बेटांवर धुपून न जाता शतकानुशतके साचत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या ग्वानो खताच्या निर्यातीवर या देशाची तिजोरी चालत होती. मग काही वर्षांनी, बहुधा नाताळच्या सुमारास, समुद्र तापतो. कोळ्यांनी त्याला बाळ येशूवरून "एल निन्यो" हे नाव दिले. अशा वर्षी मासळी दूर जाते आणि वाळवंटावर पाऊस कोसळतो. माझ्या येण्याआधी, मार्च २०१७ मध्ये, उत्तरेत पिउरा शहर पाण्याखाली गेले आणि इकडे लिमात रिमाक नदी इतकी गढूळ झाली की शुद्धीकरण थांबवावे लागून, पूर आलेला असताना शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे होते.

किनाऱ्यावरची शेती पाहिली तर बाबा थक्क होतील. पिवळ्या वाळूच्या मधोमध अचानक द्राक्षांचे, शतावरीसारख्या अ‍ॅस्परॅगसचे आणि ब्लूबेरीचे काटेकोर आखलेले हिरवे चौकोन दिसतात. ब्लूबेरीच्या निर्यातीत तर हा देश थोड्याच वर्षांत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हे पाणी कुठले? काही डोंगरातून उतरणाऱ्या पन्नासाहून अधिक आखूड नद्यांचे, ज्यांतल्या कित्येक वर्षातले अनेक महिने कोरड्या असतात. काही जमिनीखालचे, आणि इका खोऱ्यात ते इतक्या वेगाने उपसले गेले की मोठ्या बागायतदारांच्या विहिरी खोल जात राहिल्या आणि लहान शेतकऱ्यांच्या आटल्या. हे चित्र आपल्याला काही नवे नाही. आणि काही पाणी चक्क पर्वताच्या पलीकडचे आहे: ओल्मोस येथे सुमारे २० किलोमीटर लांबीचा बोगदा खोदून, अटलांटिककडे निघालेल्या नदीचे पाणी पॅसिफिककडे वळवले आहे.

या देशाच्या गोड्या पाण्यापैकी जेमतेम दोन टक्के पाणी पॅसिफिकच्या उतारावरून वाहते, आणि निम्म्याहून अधिक माणसे त्याच उतारावर राहतात. बाकी जवळजवळ सगळे पाणी पूर्वेला अ‍ॅमेझॉनकडे जाते, जिथे माणसे तुरळक आहेत. मला विचाराल तर हा देश समजून घेण्याची किल्ली याच एका विषम वाटणीत आहे.

इथल्या शाळांत मुलांना देशाचे तीन उभे पट्टे शिकवतात: कोस्ता म्हणजे किनारा, सिएरा म्हणजे डोंगर आणि सेल्वा म्हणजे अरण्य. मीही आधी तेच पाठ केले होते. पण लिमाहून मध्यवर्ती महामार्गाने बसमधून वर गेले, तेव्हा तो नकाशा मला अपुरा वाटू लागला. समुद्रसपाटीवरून निघालेली बस सुमारे १३० किलोमीटरांत तिक्लिओच्या खिंडीत ४,८१८ मीटरवर पोहोचते. वाटेत विरळ हवेने माझे डोके असे ठणकू लागले की शेजारच्या आजीबाईंनी न विचारता कोकाची पाने हातावर ठेवली. खाली वाळू, मग फळबागा, मग मका, मग बटाटा, मग नुसते इचू गवत आणि त्यावर चरणारे लोकरीचे अल्पाका, आणि शेवटी बर्फ. हाविएर पुल्गार विदाल या भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या सुमारास याच पायऱ्यांवरून देशाचे तीन नव्हे, तर आठ प्रदेश मांडले, आणि त्यांची बरीच नावे पुस्तकातून न घेता डोंगरातल्या लोकांच्या बोलण्यातून घेतली: मक्याची ऊबदार पायरी ती केचुआ, तिच्यावरची बटाट्याची सुनी, त्याहून वरची गवताळ पुना. शेतकऱ्याला आपण किती मीटरवर आहोत हे ठाऊक नसते. आपण कोणत्या पायरीवर आहोत आणि तिथे काय पिकते, हे मात्र चोख ठाऊक असते.

स्पॅनिश येण्यापूर्वी इथे राज्य करणाऱ्या इंकांच्या काळात आणि त्याआधीही, एकच कुळ एका पायरीवर समाधान मानत नसे. जॉन मुर्रा या मानववंशशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हे नेमके दाखवून दिले. तितिकाका सरोवराकाठी, सुमारे ३,८०० मीटरवर राहणारे लुपाका लोक आपली काही कुटुंबे पॅसिफिककडच्या गरम खोऱ्यांत मका आणि कापूस पिकवायला पाठवत, काही पूर्वेच्या उतारावर कोका लावायला, आणि त्या कुटुंबांचा मूळ गावावरचा हक्क कायम राही. एका पायरीवर गारपीट झाली तर दुसरीवरचे धान्य येई. उरलेला बटाटा रात्रीच्या हिमात गोठवून, दिवसा उन्हात पसरून, पायांनी तुडवून त्याचा चुन्यो करत, जो वर्षानुवर्षे टिकतो आणि आजही बाजारात पांढऱ्या-काळ्या खड्यांसारखा विकायला असतो. (आई, मी तो शिजवून पाहिला. पुन्हा शिजवणार नाही.) तेव्हा प्रदेशांतला फरक हीच माणसांची ठेव होती.

ती ठेव पुढे मोडली गेली. स्पॅनिश सत्तेने राजधानी कुस्कोहून उचलून किनाऱ्यावर आणली आणि सगळे रस्ते खाली वळवले. १९४० च्या जनगणनेत देशातील सुमारे ६५ टक्के लोक सिएरात होते. २०१७ मध्ये ते प्रमाण २८ टक्क्यांवर आले आणि किनाऱ्याचे ५८ वर गेले. लिमाभोवतीच्या भुरकट टेकड्यांवर चढत गेलेल्या वस्त्या या डोंगर उतरून आलेल्या माणसांच्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांनी घरी केचुआ (पायरीचे नाव तेच डोंगरातल्या भाषेचेही) बोलायची आणि बाहेर ती येतच नाही असे दाखवायचे, अशा रीतीने आयुष्य काढले. १९७५ मध्ये केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला खरा, पण माझ्या घरमालकीणबाई अजूनही फोनवर बहिणीशी केचुआत बोलताना खोलीचे दार लोटून घेतात.

याहून कडू गोष्ट पुढची आहे. माओवादी बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यात १९८० पासून वीस वर्षे चाललेल्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सत्य आयोगाने २००३ मध्ये मृतांचा आणि बेपत्ता झालेल्यांचा आकडा सुमारे ६९ हजार असल्याचे मांडले, आणि त्यांतल्या दर चौघांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा अन्य देशी भाषा होती. इतकी माणसे गेली, तरी त्या आकड्याने राजधानी चकित झाली. एका पायरीवरचा आकांत दुसरीवर ऐकू जाऊ नये, इतके अंतर पडले होते.

डोंगराची आजची कमाई बहुतांशी खाणींची आहे. तांब्याच्या उत्पादनात हा देश जगातल्या पहिल्या काही देशांत गणला जातो. सेर्रो दे पास्को हे ४,३०० मीटरवरचे शहर मी पाहिले. त्याच्या मधोमध खाणीचा प्रचंड खड्डा आहे आणि जुनी वस्ती त्याने हळूहळू गिळली आहे. खाणकंपन्यांकडून येणाऱ्या प्राप्तिकराचा निम्मा भाग ज्या त्या प्रदेशाला परत द्यावा असा कायदा आहे, त्यातून चौक आणि क्रीडांगणे झालेलीही दिसतात. पण गावकरी पैशांआधी पाण्याविषयी बोलतात, आणि मला त्यात त्यांचे काही चुकते असे वाटत नाही.

अरण्याविषयी मी थोडेच लिहिते, कारण तिथे मी एकदाच, गेल्या महिन्यात गेले. देशाचा सुमारे ६० टक्के भूभाग आणि १४ टक्के माणसे. देशातल्या ४८ देशी भाषांपैकी ४४ तिथल्या. इकितोस या मोठ्या शहराला बाहेरून रस्ताच नाही, विमानाने जायचे किंवा नदीतून. २४ जूनला कुस्कोत सूर्याचा उत्सव चालू असताना इकितोसमध्ये संत हुआनचा सण होता आणि घरोघरी बिहाओच्या पानात गुंडाळलेला भात-कोंबडीचा हुआने उकडत होता. पानाचा तो वास आला आणि मला आईच्या पातोळ्या आठवल्या. पण त्या अरण्याशी माझा संबंध त्याआधीपासूनच होता: ज्या शेगडीवर मी रोज सकाळी चहा करते, तिच्या नळीतला गॅस २००४ पासून अरण्यातल्या कामिसेआहून डोंगर ओलांडून लिमात येतो. चहाचे पाणीही अंशतः पलीकडचेच, मार्कापोमाकोचाच्या तलावांतून बोगद्याने रिमाकमध्ये सोडलेले.

आता बाबांसाठी राखून ठेवलेली गोष्ट. लिमाच्या वरच्या डोंगरात, तुपिकोचासारख्या गावांत, इंकांच्याही आधीचे दगडी चर आहेत. त्यांना "अमुना" म्हणतात. पावसाळ्यात ओढ्याचे जादा पाणी या चरांतून उतारावरच्या भेगाळ जमिनीकडे नेऊन मुद्दाम जिरवतात, आणि ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खालच्या झऱ्यांत उगवते. पाझर तलाव आणि समतल चर यांचे हे चुलत भावंडच म्हणायचे. मधल्या काळात पुष्कळ अमुना मोडून पडल्या होत्या. आता लिमाच्या पाणीपट्टीतला एक लहानसा हिस्सा वरच्या पाणलोटासाठी बाजूला काढला जातो आणि या डोंगरांत डागडुजी सुरू आहे. हिस्सा फारच लहान आहे. पण खालच्या पायरीने वरच्या पायरीला पाण्यापोटी काही देणे लागते, हे बिलावर छापून येऊ लागले, एवढे तरी झाले.

पुढच्या आठवड्यात मी तशाच एका दुरुस्तीच्या कामावर जात आहे. चराला उतार नेमका किती ठेवला होता यावर आमच्यात मतभेद आहेत: गावातले म्हातारे म्हणतात की पाणी चालले पाहिजे, पळता कामा नये, आणि आमच्या तरुण अभियंत्यांना त्याचा आकडा हवा आहे. बाबा, मुरमाड जमिनीत गाळ न साचता पाणी जिरावे म्हणून तुम्ही चराला किती उतार देत होता, ते तुमच्या जुन्या वहीत पाहून फोनवर सांगावे. आईने गुडघ्याचे औषध चुकवू नये.

तुमची,
धाकटी